राखेतला शाळू
जतचे डफळे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, त्या सुमारास माझी आई या कोरडवाहू रानात नांदावयास आली. आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव एकदाही न चढता ती अखेरपर्यंत त्या जमिनीची खरी धनीण राहिली. १९७२च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून, मिळालेली सुकडी पदरात बांधून ती आम्हा मुलांसाठी आणी. परंतु बियाण्याकरिता राखेत कालवून ठेवलेल्या शाळूच्या मडक्यास तिने हात लावला नाही, आणि कोणास लावूही दिला नाही. हा निग्रह तिने कोठून आणला असेल, याचे मला आजही नवल वाटते. पुढल्या रब्बीला तेच बियाणे ओटीत घेऊन, चाड्यावर मूठ धरून ती पाभरीमागे चालली. ते मडके अजून आमच्या माजघरात आहे.