सुसरीचं बिऱ्हाड

मी मूळची वाईची. आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले आणि काही वर्षांनी बदलीनं महाडला आले. नदी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कृष्णेचा घाट आणि उन्हाळ्यातलं घोटाभर पाणी. इथली सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडजवळ काळ, गांधारी पोटात घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. तिच्यात सुसरी आहेत हे कळल्यावर पहिलं वर्षभर मी काठाकडे फिरकलेसुद्धा नाही.

चौथीला परिसर अभ्यास शिकवायचे. फळ्यावर ‘अधिवास’ लिहिलं, व्याख्या सांगितली, पोरांनी ती तालासुरात घोकली. एक भोयांचा मुलगा तेवढा गप्प होता. म्हणाला, “बाई, आमचे आबा सुसरी दाखवतात.”

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा लवकर सोडून बावीस पोरं काठावर नेली. आबांनी आम्हाला पाण्यापासून लांब, उंच बांधावर उभं केलं. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर. ते म्हणाले, “सुसर काय बघता, ती पळंल. तिची जागा बघा.” खालच्या ओल्या चिखलात पोतं ओढत नेल्यासारखा गुळगुळीत पट्टा होता. दोन्ही बाजूंना नखांचे ठसे, मधून शेपटीची नागमोडी रेघ. थंडीत ऊन खायला ती रोज त्याच जागी येते. उन्हाळ्याच्या तोंडाला वरच्या कोरड्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडतात ती पावसाच्या आधी. वाळूच्या उबेवरच नर की मादी ते ठरतं, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. पाणी तुडुंब असलं तरी काठ नसेल तर सुसरीचा वंश वाढणार कसा, हे मला आबांमुळे कळलं. मी सांगितलं, याला अधिवास म्हणतात. ते हसले. “बिऱ्हाड म्हणा की, बाई.”

त्या दिवसापासून माझ्या वर्गात तोच शब्द चालला. पोरांनी कार्डशीटवर वळणावळणाचा नकाशा काढला आणि आबांनी सांगितलेल्या सात जागांवर लाल फुल्या मारल्या.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तर त्यातल्या दोन जागांवर काठच नव्हता. सक्शन पंपानं रेती उपसलेली, उरला होता पुरुषभर उंचीचा सरळ कडा. आबा काही बोलले नाहीत. परतताना त्यांच्या नातवानं विचारलं, “बाई, आपल्या शाळेच्या भिंतीची वाळू कुठली?” ढीग अजून पटांगणात पडला होता. मी म्हटलं, “रांग मोडू नका.” शिक्षकी पेशात इतकं पळपुटं उत्तर मी दुसरं दिलेलं नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं. त्याच दिवशी तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं. आबांच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. नदीतला गाळ काढा, अशी सगळ्या गावाची मागणी, आबांचीही तीच. मी सुसरींचं विचारलं तेव्हा ते वैतागले. “आमचं बिऱ्हाड वाहून गेलं ते?” मग जरा वेळानं, “काढायचाच तर पावसाळा संपल्यावर काढावा आणि अंडी घालायच्या आत हात आवरावा.” पर्यावरणाच्या प्रशिक्षणांत मी पुष्कळ भाषणं ऐकली. तारखेवार असं कुणी सांगितलं नाही.

त्या सगळ्या फेऱ्यांचे पैसे आबांनी कधी घेतले नाहीत. एकदा पाकीट पुढे केलं तर म्हणाले, “पोरांना खाऊ घ्या.” आता आबा नाहीत आणि मीही निवृत्त झाले. नकाशा माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलेला. महाडच्या कुठल्या चौथीच्या वर्गाला हवा असेल तर घेऊन जावा. फुल्या तेवढ्या काठावर जाऊन पुन्हा तपासाव्या लागतील.