जूनने ठरवलेली वाईन

2018च्या बोर्डो वाईनबद्दल लिहिताना जो तो उन्हाचंच कौतुक करतो. जुलैच्या मध्यापासून कोरडी हवा, तापलेला ऑगस्ट, पावसाचा व्यत्यय न येता पार पडलेली तोडणी. सगळं खरं आहे. पण तेव्हा मी बोर्डोतल्या मार्गो गावाजवळच्या एका द्राक्षबागेत कामाला होते आणि मला आधी आठवतो तो जून. पाऊस उसंत देत नव्हता, रात्रीही हवेत उबारा होता आणि पानांवर तेलकट पिवळे डाग उमटले होते. पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. निफाडच्या कुठल्याही बागायतदाराने लांबूनच ओळखली असती: डावणी.

हा रोग मूळचा अमेरिकेतला, 1878च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचलेला. त्यावरचा उतारा सापडला तो मात्र मार्गो ज्यात येतं त्याच मेदोक भागात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून सँ-ज्युलियाँचे बागवाले रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882मध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सी मिलार्दे यांच्या लक्षात आलं, की आतल्या वेलींची पानं झडलीत आणि रस्त्यालगतच्या वेली हिरव्यागार आहेत. 1885मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. तेच बोर्डो मिश्रण आमच्या घरच्या द्राक्षबागेत आजही पिंपात कालवलं जातं.

मोरचुदातल्या तांब्याची अडचण अशी, की ते पानावर नुसतं बसतं. जोराची सर आली की धुऊन जातं आणि फवारणीनंतर फुटलेलं कोवळं पान तर उघडंच राहतं. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरतं, त्याला पावसाचं एवढं भय नसतं. घरून फोनवर आबा कळवळून सांगायचे, “अगं, एक आंतरप्रवाही हात मारा की. घड गेल्यावर काय करणार?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी कामाला होते त्या बागेने तेच केलं.

मार्गोतल्याच शातो पाल्मेर या वाईनघराने ते केलं नाही. 2014पासून त्यांची सगळी बाग जैवगतिक पद्धतीने चालते, तिथे ही रसायनं वर्ज्य. त्यांच्या हाती होतं तांबं आणि उघडिपीची वाट. जुलैत नुकसान दिसू लागलं. हिरवे मणी तपकिरी होऊन घडावरच सुरकुतले. वर्षअखेर पाल्मेरचं उत्पादन भरलं हेक्टरी 11 हेक्टोलिटर, म्हणजे 1100 लिटर. एरवी याच्या तिपटीने तरी रस निघतो. त्या वर्षी त्यांनी ‘आल्टर एगो’ ही आपली दुसरी वाईन काढलीच नाही, जे होतं ते सगळं मुख्य वाईनमध्ये गेलं: निम्म्याहून थोडं जास्त मेर्लो, बाकी बहुतेक काबर्ने सोव्हिन्यों आणि थोडं पती व्हेर्दो.

मी ती चाखली आहे. इतकी गर्द, इतकी घट्ट आणि तरीही शेवटी ताजी राहणारी मार्गो मी क्वचितच प्यायले. जीभ कोरडी करणारा टॅनिनचा तुरटपणाही त्यात पिकलेला आहे, आणि हे सर्वांत अवघड.

पीक कमी म्हणजे वाईन थोर, असं मात्र मी मानत नाही. डावणीने पानं खाल्ली असती तर उरलेल्या घडांत साखर भरायला कोणी उरलं नसतं, आणि तीच वाईन कच्ची, पातळ निघाली असती. पाल्मेरच्या लोकांनी जूनमध्ये सारखी तांब्याची फवारणी करून पानं टिकवली. मण्यांत पाणी उतरलं तेव्हा फळाचा धोका टळला होता, आणि मग कोरड्या हवेत त्या थोड्या घडांना सबंध वेलीची ताकद मिळाली. याच शातोची 1961ची वाईन आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. त्याही वर्षी मेअखेरच्या थंडीने आणि फूलगळीने बोर्डोत पीक फार थोडं आलं होतं.

तांब्याचा प्रश्न यातून सुटत नाही, हेही सांगायला हवं. ते मातीत साठत जातं, गांडुळांना बाधतं. म्हणून 2019पासून युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा आहे. 2018सारखा जून पुन्हा आला तर ती मर्यादा बागवाल्याला जाचेल, पण मला ती योग्य वाटते. पाल्मेर 2019मध्येही आपल्या पद्धतीला धरून राहिलं.