मिसळावे, पण मिटू नये

नायजेरियातील लागोस शहरात रचलेले गाणे नाशिकच्या सातपुरात, कारखान्याची पाळी सुटलेल्या तरुणाच्या मोबाइलवर वाजावे, यात आता कोणाला नवल वाटत नाही. 'आफ्रोबीट्स' या नावाने ओळखले जाणारे नायजेरिया, घाना या देशांचे आधुनिक संगीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर पसरले आहे. आमच्या धर्मग्रामातील मुले त्यावर ठेका धरतात आणि त्यांची वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालून विचारतात, "फादर, हे कसले संगीत? धड जुने नाही, धड नवे नाही. नुसती भेसळ!"

हा 'भेसळ' शब्द आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. दुधात पाणी घातले तर ती भेसळ होते. दुधात साखर घातली तर तिला कोणी भेसळ म्हणत नाही. मग संगीतात पाणी कोणते आणि साखर कोणती, हे कशावरून ओळखावे?

याचे उत्तर शोधताना आम्हांला प्रथम आठवतात ते आपल्याच मुंबईत जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू. त्यांचा जन्म १९५१ सालचा. त्यांच्या मातोश्री म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर याही गायिका व नर्तकी होत्या. अशा घरात बाळपणापासून त्रिलोकजींच्या हाती तबला आला. पुढे ते पाश्चात्त्य जॅझ संगीताकडे वळले, युरोपात गेले, 'ओरेगॉन' या नामांकित वाद्यवृंदात वाजवू लागले, जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासारख्या गिटारवादकाची साथ करू लागले. पाश्चात्त्य ड्रमवादक उंच स्टुलावर बसतो. त्रिलोकजींनी आपली सारी मांडणी खाली आणली. तबला, ढोल, झांजा, घंटा असा सगळा पसारा भोवती मांडून ते जमिनीलगत बसून वाजवितात. पाण्याने भरलेली एक बादलीही त्यात असते. वाजती घंटा पाण्यात बुडविली की तिचा स्वर वाकतो, खाली उतरतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

१९८८ साली त्यांची 'उस्फ्रेत' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा जॅझच्या वाद्यांमध्ये त्यांनी आपल्या आईचा कंठ मिसळला. जगासमोर जाताना त्यांनी आईचा आवाज घरी ठेवला नाही, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे २००० साली त्यांनी 'आफ्रिकन फँटसी' नावाची ध्वनिमुद्रिका केली आणि आफ्रिकेच्या गायकांना आपल्या तालांच्या सोबतीस बोलाविले. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाची गायिका अँजेलिक किडजो ही त्यांतील एक.

या किडजोबाईंच्या आवाजाचा धागा धरून आपण थेट मुलांच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचतो. त्यांनीच २०१९ साली नायजेरियाच्या बर्ना बॉय या तरुण गायकाच्या 'आफ्रिकन जायंट' या ध्वनिमुद्रिकेत एका गीताला आवाज दिला. बर्ना बॉय हा आजच्या आफ्रोबीट्सचा अग्रणी मानला जातो. २०२१ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच्या आईचे वडील बेन्सन इडोनिजे हे एके काळी फेला कुटी या संगीतकाराचे व्यवस्थापक होते. फेला कुटी (१९३८-१९९७) यांनी आपले तालवादक सहकारी टोनी ॲलन यांच्या साथीने योरुबा जमातीचे पारंपरिक ताल, पश्चिम आफ्रिकेचे 'हायलाइफ' संगीत आणि अमेरिकन जॅझ यांतून 'आफ्रोबीट' उभे केले. ते आफ्रोबीट वेगळे आणि आजचे आफ्रोबीट्स वेगळे. पण नातवाने आजोबांचे नाव लावावे, तसे हे नाव पुढे चालत आले.

आम्हां धर्मसेवकांना विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट याही मागे आहे. फेला यांचे आजोबा जोसाया रॅन्सम-कुटी (१८५५-१९३०) हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. विलायतेतून आलेल्या भक्तिगीतांचे शब्द योरुबात आणले, तरी परक्या चालीत ते अवघडून बसत. योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलतो. परकी चाल लावली की प्रार्थनेचा अर्थ भलताच व्हायचा. जोसाया यांनी योरुबा चालींतच भक्तिगीते रचली आणि १९२२ साली लंडनमध्ये त्यांची ४० हून अधिक गीते 'झोनोफोन' कंपनीने ध्वनिमुद्रित केली. नातू पुढे चर्चपासून दूर गेला, हे खरे. परंतु परक्या साच्यात आपला सूर कोंबू नये, हा आजोबांचा आग्रह नातवाच्याही संगीतात होता.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हेच करीत होते. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेल्या गीतांऐवजी त्यांनी ओवी-अभंगांच्या, भजनांच्या घाटात प्रभू येशूचे गुणगान केले. या दोघांची भेट कधी झाल्याचे ऐकिवात नाही, पण त्यांचे दुखणे एक होते आणि औषधही एकच.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेनेही ही वाट धरली. १९५८ साली काँगोतील कामिना येथे ग्वीदो हाझेन या बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली 'मिस्सा लुबा' आकारास आली. शब्द लॅटिन, पण कंठ, ताल आणि ढोल काँगोचे. सेमिनरीत असताना तिची घासलेली कॅसेट आम्ही अनेकदा ऐकली. लॅटिन शब्द आम्हांस पाठ होते. ते शब्द असे नाचूही शकतात, हे तेव्हा प्रथमच कळले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान व उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे स्पष्टपणे सांगितले आहे. १९८८ साली तेव्हाच्या झाईर देशाच्या, म्हणजे काँगोच्या, धर्मप्रांतांसाठी स्वतंत्र मिस्साविधीला रोमची मान्यता मिळाली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. परंतु आफ्रिकेचे आणि नाशिकचे नाते मोबाइलने जुळविलेले नाही. सातपूरहून नाशिक शहराकडे जाताना जवळच शरणपूर आहे. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने हे ख्रिस्ती गाव वसविले. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेल्या अनेक आफ्रिकन मुलांना मुंबईमार्गे येथे आणून शिक्षण व हस्तव्यवसाय शिकविले जात. याओ जमातीचा जेकब वेनराइट हा त्यांतीलच एक. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे १८७३ साली आजच्या झांबियात निधन झाले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर त्यांचे नाव कोरले, त्यांच्या पार्थिवासोबत तो इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याने खांदा दिला. शरणपूरचे पुष्कळ आफ्रिकन पुढे केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या वसाहतीत गेले. तेथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत.

शरणपूरने या मुलांना जीवदान दिले, याबद्दल कृतज्ञताच वाटते. तरीही एक रुखरुख मागे राहते. त्यांची नावे बदलली, वेश बदलला, भाषा बदलली. आईने ज्या नावाने हाक मारली असेल, त्या नावाची जागा 'जेकब वेनराइट'ने घेतली. नवे पुष्कळ मिळाले; पण जुने त्यात मिसळले नाही, मिटले. मिसळणे आणि मिटणे यांत काय अंतर आहे, ते आम्हांला तेथे दिसते.

असेच मिटणे आजही आमच्या डोळ्यांसमोर चालू असते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीने आमच्या धर्मग्रामात नाना ठिकाणची माणसे एकत्र आणली. वसईकडच्या कुटुंबांना व्हायोलिन व ऑर्गनची सवय; नगर-जालन्याकडच्या मंडळींना टाळ-ढोलकीच्या भजनाची. मुलांना मात्र कीबोर्डचे बटण दाबले की आपोआप वाजणारा ताल पुरतो. अशात सुरगाण्याकडचा एक कोकणा तरुण गायनवृंदात आला. तो कंत्राटी कामगार होता. तो पावरी वाजवितो, हे आम्हांस योगायोगाने समजले. भोपळा, बांबू यांची ती लांब पावरी. श्वास न तोडता वाजवावी लागते. ती तालमीला आण, असे आम्ही म्हणताच तो ओशाळला. "नको फादर, ते गावाकडचं आहे. पोरं हसतील," तो म्हणाला. आजोबांनी दिलेली विद्या त्याने खोलीत पलंगाखाली ठेवली होती.

अखेर तो तयार झाला, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. पावरीचे स्वर कीबोर्डच्या पट्टीशी जुळेनात. मुले म्हणाली, "पावरी राहू द्या, तिचा आवाज मशीनमध्ये आहे, तोच वाजवू." गायनवृंदाचे मास्तर सत्तरीचे, वसईचे, शिस्तीचे, या प्रकाराला त्यांचा प्रथमपासून विरोध. त्यांनी दोन्ही वाद्ये पुन्हा पुन्हा ऐकली आणि म्हणाले, "पावरीला पट्टी बदलता येत नाही. आपल्याला गप्प बसता येते." त्यांनी स्वतः कीबोर्ड बंद केला. त्या रविवारी अर्पणविधीच्या वेळी केवळ पावरी आणि ढोलकी वाजली. काही कुटुंबांना ते रुचले नाही आणि त्यांनी आम्हांस तसे तोंडावर सांगितले. पण मिस्सानंतर पेठ-सुरगाण्याकडची, एरवी मागच्या बाकांवर बसून मुकाट्याने निघून जाणारी चार-पाच माणसे त्या तरुणाभोवती उभी राहून आपल्या बोलीत बोलत होती. चर्चच्या आवारात ती बोली आम्ही पहिल्यांदाच ऐकली.

वर्षभराने कंत्राट संपले, तो तरुण गावी परतला आणि पावरीही त्याच्याबरोबर गेली. धर्मग्रामात ती दुसऱ्या कोणास येत नाही. हे आम्ही अशासाठी सांगतो की अशा गोष्टींना फार वेळ नसतो.

मास्तरांच्या त्या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. दोन सूर एकत्र येतात, तेव्हा त्यांतला एक नेहमी सबळ असतो: त्याच्यापाशी यंत्र असते, पैसा असतो, बाजार असतो. सबळ सुराने थोडे थांबून दुर्बळ सुराला ऐकू येण्याइतकी जागा दिली, तर ती दुधातली साखर. तशी जागा न देता दुर्बळ सुराचा केवळ शोभेपुरता तुकडा उचलला, तर ते पाणी. त्रिलोक गुर्टूंनी जॅझच्या गजरात आईच्या ठुमरीच्या गळ्याला जागा केली. रेव्हरंड जोसायांनी परक्या चालीला बाजूला सरायला लावले. आफ्रोबीट्सच्या गाण्यांनाही हीच कसोटी लावावी. ज्या गाण्यात योरुबा शब्द आणि आफ्रिकेचा ताल जिवंत राहतो, ते गाणे मुलांनी खुशाल ऐकावे.

म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलांवर रागावण्याआधी एक करावे. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, गावाकडचे भजन, जे काही आपणांस येते, ते मुलांना एकदा शिकवावे. ज्याच्यापाशी स्वतःचा सूर आहे, तो दुसऱ्याच्या सुरात मिसळतो. ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्यापाशी मिसळायला असते तरी काय?