गल्ल्यावरचा माणूस

दर्शिनीत बसायला खुर्ची नसते, हे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. बंगळूरच्या येलहंका उपनगरात आमच्या कोपऱ्यावरच्या दर्शिनीत छातीइतक्या उंचीची स्टीलची टेबलं आहेत आणि त्यांच्याभोवती सकाळी सहापासून माणसं उभी असतात. रेल्वेच्या चाक कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेले, विमानदलाच्या तळाकडे निघालेले, तळ्याला फेरी मारून कानटोपी न काढताच आत शिरलेले आजोबा. डिसेंबरातल्या धुक्यात डिकॉक्शनचा वास मिसळला की अंथरुणातून उठल्याचं सार्थक होतं.

मला तव्याजवळ उभं राहायला आवडतं. आधी पाण्याचा हबका, चर्र आवाज, वाफेचा लोट. लगेच हिरांच्या आखूड केरसुणीनं तवा झाडून काढायचा. मग वाटीनं पीठ टाकत, वाटीच्याच बुडानं फिरवत दोन रांगा पुऱ्या करायच्या. शेवटचा गोल ओला असतो तोवर पहिल्याच्या कडा तांबूस होऊ लागलेल्या असतात. लाल चटणीचा पुसट हात, बटाट्याच्या भाजीचा गोळा, वरून तूप. तव्यावर कुंदापूरकडचा भट आता क्वचितच दिसतो. हल्ली ओडिशाचा नाहीतर झारखंडचा पोरगा असतो. डोसा काही बिघडलेला नाही. चटणीवाला बादली घेऊन उभाच. ताटली पुढं केली की पळीभर ओततो, पुन्हा केली की पुन्हा. हिशेब कुणी ठेवत नाही.

ही उभ्याउभ्या खाण्याची रीत बंगळूरला लावली ती 1983 साली आर. प्रभाकर यांनी, जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ काढून. छोटी जागा, वाढपी नाहीत, लखलखीत स्टील, परवडणारा दर. लोणच्याची कृती शेजारणीला सांगावी तशी ही युक्ती त्यांनी इतरांना सांगितली आणि गल्लोगल्ली दर्शिन्या झाल्या. सगळ्यांचा चेहरा सारखा, पदार्थ सारखे, मालक मात्र वेगळे. साखळी हॉटेलं वाईट, कारण ती सगळीकडे सारखीच, असं म्हणणाऱ्यांना मी दर्शिनी दाखवते. सारखेपणा हा काही गुन्हा नव्हे.

आपला या गावाशी संबंध जुना. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि इथल्या जुन्या, सामिष जेवणाच्या ‘मिलिटरी हॉटेलां’पैकी काही मराठी घराण्यांनीच चालवली. द्रोणातल्या बिर्याणीसाठी शिवाजी मिलिटरी हॉटेलपुढं अजून रांग लागते, ते 1935चं. उलट दिशेनं माटुंग्याला 1942 साली ए. रामा नायक यांनी उडुपी जेवण वाढायला घेतलं, हे मुंबईकरांना मी काय सांगणार!

येलहंक्यात साखळ्या आल्या त्या विमानतळामागून. 2008 साली देवनहळ्ळीला विमानं उतरू लागली, बळ्ळारी रोड रुंदावला, भाडी चढली. आता मॉलमध्ये आणि रस्त्याच्या कडेनं पिझ्झा, तळलेली कोंबडी, कॉफी यांच्या ओळखीच्या पाट्या आहेत. केएफसीचं देशातलं पहिलं दुकान 1995 साली बंगळुरातच उघडलं, ब्रिगेड रोडवर. पालिकेनं काही काळ ते बंद पाडलं आणि जानेवारी 1996मध्ये नंजुंडस्वामींच्या रयत संघाच्या शेतकऱ्यांनी तिथं मोडतोड केली. आज येलहंक्यातली पोरं अशा दुकानांत वाढदिवस करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही नाही.

मला खुपतं ते वेगळंच. अशाच एका दुकानात (नाव कशाला घ्या) मी कॉफी कमी गोड मागितली. काउंटरवरची मुलगी गोड स्वभावाची होती, पण तिनं आधी पडद्याकडं पाहिलं. “मॅम, तसं ऑप्शन नाही.” बरं, अर्धीच दे म्हटलं. तेही नव्हतं. तिनं मॅनेजरला बोलावलं, तर तोही पडद्याकडंच बघू लागला. ‘हो’ म्हणायचा अधिकार असलेलं त्या अख्ख्या दुकानात कुणीच नव्हतं.

दर्शिनीत ‘सक्करे कम्मी’ असं ओरडलं की काम झालं. ‘बाय टू’ म्हटलं की एक कॉफी दोन पेल्यांत. महिनाअखेरीला एखाद्या पोराला गल्ल्यावरचे अण्णा ‘नंतर दे’ म्हणतात. जास्तीचा वडा, उधारी, आणि सुट्टे नसले की वैतागसुद्धा, सगळं त्या एका माणसाच्या अखत्यारीत. वाद घालायचा तर तो समोर असतो.

धंदा पसरला म्हणजे हे संपतंच, असं नाही. एमटीआर हे इथलं जुनं हॉटेल, 1924चं. आणीबाणीत सरकारनं दर उतरवायला लावले, हॉटेल तोट्यात गेलं, तेव्हा मय्या कुटुंबानं तयार पिठांच्या पाकिटांचा धंदा वाढवला. 2007 साली तो नॉर्वेच्या ओर्क्ला कंपनीनं घेतला. पाकिटं गेली, पण लालबाग रोडवरचं हॉटेल घरातच राहिलं. गल्ला विकला नाही, हा शहाणपणा मला त्यांच्या रवा इडलीइतकाच मोठा वाटतो.

साखळीवाल्यांचं देणंही नाकारता येत नाही. बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, आणि एकट्या बाईनं पुस्तक उघडून दोन तास काढले तरी ‘झालं का?’ असं कुणी विचारत नाही. त्या गोड मुलीचा निदान भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल. आमच्या डोसेवाल्या पोराला तो शब्दही ठाऊक नसावा. गुडघे दुखायला लागल्यापासून दर्शिनीत चार खुर्च्या असाव्यात असं मलाही वाटतं. अण्णांना बोलून दाखवलं तर ते हसले. “खुर्ची टाकली की डोशाचे दहा रुपये वाढवावे लागतील, अक्का.” नकारच होता, पण कारणासकट.

तेव्हा परतीच्या विमानाला वेळ असेल तर बळ्ळारी रोडवर पाट्या शोधत बसू नका, उपनगरात शिरा. फक्त सकाळी लवकर या. अकराच्या सुमाराला इडली संपते आणि भात सुरू होतो.