गड एक, चढणारे अनेक

पुण्या-मुंबईच्या मंडळींची एक ठाम समजूत असते. वऱ्हाड म्हणजे काळी सपाट जमीन, कापूस आणि ऊन. डोंगर पाहायचे तर ते सह्याद्रीत! आम्ही उगाच वाद घालीत नाही. अकोल्याहून अकोटला यावे आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे सातपुडा स्वतःच उत्तर देतो. त्याच्या माथ्यावर अकोल्याच्या बाजूस नरनाळा आणि अमरावतीच्या बाजूस गाविलगड असे दोन बलदंड किल्ले बसले आहेत. ते पाहण्यासारखे आहेतच. पण माझे लक्ष गडापेक्षा गड चढणाऱ्यांकडे अधिक जाते. कारण स्वतः गड चढून आलेला मनुष्य, दुसरा कोणी तो कसा चढला हे ऐकून हसल्याशिवाय राहत नाही.

नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूर हे गाव आहे. भोवतालचे रान आता अभयारण्य असल्यामुळे आत शिरायला वनखात्याचा परवाना लागतो. मोटारीचा रस्ता वरपर्यंत जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाची सहल येथे आली, तेव्हा अर्धी मुले गाडीने आणि अर्धी पायी निघाली. चहाच्या टपरीवरचा म्हातारा मला म्हणाला, “गुरुजी, वरतं मोटार जाते ना, मंग कायले पाय मोडता?” या प्रश्नाला व्याकरणशुद्ध उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वर महाकाली दरवाज्यापाशी दोन्ही पक्षांची गाठ पडली. पंधराव्या शतकाच्या अखेरीचा हा दरवाजा, त्यावरचे कोरीव काम आणि फारसी अक्षरे पाहत मोटारवाले निवांत उभे होते. घामाने निथळणारे पायवाले त्यांस म्हणाले, “तुम्ही गड नव्हे, रस्ता पाहिलात!” त्यावर पलीकडून उत्तर आले, “आम्ही गडच पाहिला. तुम्ही मात्र वाटभर आपल्या पायांची बोटे पाहिलीत!” हा वाद रंगात आला असता डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेतलेली एक कोरकू बाई अनवाणी त्याच चढावरून आली आणि दोन्ही पक्षांकडे न पाहता निघून गेली. तिच्या लेखी ते चढणे नव्हतेच. ते नुसते जाणे होते.

गाविलगडाची गोष्ट मात्र हसण्याची नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत मराठी फौजेचा पराभव झाला आणि वेलस्ली व स्टीव्हन्सन हे इंग्रज सेनापती या गडावर चालून आले. वेलस्ली दक्षिणेकडून उभ्या कड्याच्या बाजूने गडाला गुंतवून राहिला. स्टीव्हन्सनने डोंगरांतून मोठा वळसा घेतला; त्याच्या शिपायांनी वाट करीत करीत तोफा हातांनी ओढून उत्तरेच्या बाजूस नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून फौज आत घुसली, तो पुढे दरी आणि पलीकडे आतल्या गडाचा तट! तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरी ओलांडली, तटाला शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि गडावरची असंख्य माणसे त्या दिवशी मारली गेली.

त्या दिवशी कॅम्पबेलला कोणी विचारले नाही, “शिडी का लावलीस?” जेथे गड घेणे हेच सर्वस्व असते तेथे ‘कसा घेतला’ हा प्रश्न उरत नाही. तो प्रश्न शांततेच्या काळातच विचारता येतो. म्हणून चढणाऱ्यांची आपसांतली थट्टा ऐकली की मला बरे वाटते. ती माणसे भांडत असतात खरी, पण भांडतात ती रीतीसाठी. आणि त्यात कोणाचे रक्त सांडत नाही.

ही रीत पाहायची तर अमरावतीस यावे. येथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा जन्म १९१४ सालचा; त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखविले. मल्लखांबावर चढण्याच्या प्रकारांना ‘वेल’ असे गोड नाव आहे. पुरलेल्या लाकडी खांबाला अंग चोळून चढणारा म्हणतो, “दोरीला काय, हातात धरली की झाले!” दोरीवाला म्हणतो, “तुझा खांब जागचा हलत नाही; माझी दोरी तर श्वासासरशी हलते!” त्यातून दोरीच्या मल्लखांबावर गाठ मारायची नाही. नुसत्या पेचांवर सारे अंग तोलायचे.

गंमत अशी की, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात वालुकाश्माचे सुळके चढणाऱ्यांचा नियम याच्या नेमका उलटा आहे. दगडाच्या फटीत धातूची साधने अडकवायची नाहीत. आधाराला दोराच्या गाठीच बसवायच्या. तिकडे गाठीवाचून चालत नाही आणि आमच्याकडे गाठ मारली की खेळ संपला! पण दोन्हीकडे धडा एकच आहे : सोपे होईल असे काही तरी मुद्दाम सोडून द्यायचे.

साऱ्या जगाला हा वाद मिटवता आलेला नाही. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये दोरावर चढण्याची स्पर्धा होती. दोर सुमारे १४ मीटरांचा; टोकाला पोचले दोघेच. पुढे २०२१ साली टोकियोला भिंतीवर चढण्याची स्पर्धा प्रथम झाली, तेव्हा वेगाने धावत चढणारे आणि एकेका पकडीचा विचार करीत चढणारे एकाच पदकासाठी जुंपले गेले. कीर्तनकारालाच आखाड्यात उतरवावे, तसा तो प्रकार झाला. पुष्कळ कुरकुर झाल्यावर २०२४ साली पॅरिसला वेगवाल्यांची चूल वेगळी मांडावी लागली.

तेव्हा वाचकहो, या थंडीत नरनाळ्याला या, चिखलदऱ्यावरून गाविलगडही पाहा. मोटारीने आलात तर पायवाले हसतील. पायी आलात तर शहानूरचा चहावाला हसेल. तुम्हीही खुशाल हसा. मात्र हसण्यापूर्वी आपण स्वतः काय सोडून आलो, ते एकदा मनाशी मोजून पाहावे. ज्याने काहीच सोडले नाही, तो गडावर पोचतो खरा. पण त्याला चढला म्हणावे की नाही, याचा निकाल आमच्या वऱ्हाडात अजून लागायचा आहे.