काळा पडदा



दिवसभराची नोकरी आटोपून रात्री अभ्यासाला बसणाऱ्यांपैकी मीही एक होतो. पावसाळ्यातील एका रात्री संगणकाचे बटण दाबले. आतला पंखा नेहमीसारखा घरघरू लागला. पडदा मात्र काळाच राहिला. प्रकल्पासाठी टंकलेल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्या संगणकात होत्या. आई जाऊन चार महिने झाले होते. ओव्या प्रथम उतरवून घेतलेली वही घर बदलताना हरवली होती आणि दुसरी प्रत मी केली नव्हती.

घाबरलेल्या माणसाचे हात फार चालतात. मी पुन्हा पुन्हा बटण दाबले आणि शेवटी नुसता बसून राहिलो. तेव्हा एक साधा प्रश्न सुचला : नेमके काय बंद पडले आहे?

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर याच प्रश्नापासून आरंभ करावा. प्रथम मॉनिटरचा दिवा पाहावा. तो विझलेला असेल, तर वीजजोडणी तपासावी. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना येत असेल, तर मॉनिटर चालू आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही, असे समजावे व केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवावी. कळफलकावरील कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा आतून जागे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर दोष कशात होता ते कळत नाही.

माझा कॅप्स लॉकचा दिवा लागेना. पेटीतून थांबून थांबून ‘बीप’ असा आवाज येत होता. या आवाजांचे अर्थ बनावटीनुसार बदलतात. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘रॅमचा दोष’ असा दिला होता. मी वीजजोडणी पूर्ण काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवली आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी कडेवर मळ धरला होता. खोडरबराने ती हलकेच पुसली, कण झटकले आणि खटका बसेपर्यंत पट्टी दाबली. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नये. जोडणी काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

पडदा उजळला. ओव्या जागच्या जागी होत्या. त्या हार्ड डिस्कवर होत्या. रॅम ही केवळ कामापुरती स्मृती, वीज जाताच रिकामी होणारी. हा भेद स्वाध्यायात लिहून मी गुण मिळवले होते. त्या रात्री तो आठवला नाही.

ओव्या वाचण्यापूर्वी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. दुसऱ्या दिवशी एक छापील प्रत बहिणीकडे पाठवली. आठवड्याने तिचा फोन आला : सातवी ओवी मी चुकीची ऐकली होती.

मित्रहो, तुमचे लेखन या क्षणी किती ठिकाणी आहे, तेवढे आजच पाहून ठेवा.