मूठ

"अब्बा, मला स्वतःचं पिस्तूल पाहिजे," मुलगा जेवताना म्हणाला, आणि मी घास तसाच ठेवून आधी खिडकी लावून घेतली.

त्याची काही चूक नव्हती. चौदा वर्षांचं पोर. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं, चारच दिवसांनी कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने रायफलीत. स्वप्नीलचा सराव आपल्या बालेवाडीतला, हे कळल्यापासून पोराला वेड लागलं. वर्षभर तो क्लबच्या पिस्तुलावर शिकत होता. पण कात्रजच्या आमच्या वस्तीत, आमच्या नावाच्या घरातून 'पिस्तूल' हा शब्द बाहेर ऐकू जावा, याची मला धास्ती वाटली. "लोकां क्या बोलेंगे?" अम्मा एवढंच म्हणाली. वर्तमानपत्रात हा शब्द कोणत्या नावांशेजारी छापला जातो, ते तिलाही ठाऊक आहे.

रविवारी मी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक; वाटेत दोघेही गप्प. प्रशिक्षकांना मी विचारलं, "सर, सगळ्यात चांगलं कोणतं?" ते म्हणाले, "किंमत नंतर बघू. आधी त्याचा हात बघू."

मग मला कळलं की या पिस्तुलात मोठी गोष्ट नळी नव्हे, मूठ. लाकडी मूठ लहान-मोठ्या मापांत मिळते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी. ती तळव्यात अशी बसली पाहिजे की डोळे मिटून हात वर केला तरी मनगट सरळ राहावं आणि बोट न ताणता ट्रिगरपर्यंत पोहोचावं. पोराचा हात अजून वाढतोय. म्हणून मूठ बदलता येईल असंच मॉडेल घ्यायचं. नियमाने वजन दीड किलोपर्यंत चालतं, पण एकाच हाताने, कुठेही टेकू न देता, मोठ्यांच्या स्पर्धेत 75 मिनिटांत 60 नेम धरायचे असतात. कोवळ्या खांद्याला आखूड नळीचं, हलकं बरं. ट्रिगरवर किमान 500 ग्रॅमचा दाब हवा. तो स्पर्धेआधी वजन लावून तपासतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ, पण पहिल्या पिस्तुलाला साधा यांत्रिक बरा, असं सरांचं मत. टोकियोत, 2021 साली, मनूच्याच पिस्तुलाने ऐनवेळी दगा दिला होता, याची त्यांनी आठवण करून दिली.

नवं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात. माझी छाती दडपली. एका ओळखीच्याने जुनं निम्म्यात दाखवलं. सरांनी आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली आणि ते परत केलं. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि दाबाखालच्या हवेशी खेळ नको. दोन महिन्यांनी दुसरं जुनं मिळालं, मुदतीतलं, लहान मुठीचं. साडेचार मिलिमीटरचं, कमी ताकदीचं एअर पिस्तूल; त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. पावती माझ्या नावावर केली.

आता प्रश्न घरी नेण्याचा. "बॅडमिंटनच्या बॅगेत टाकू," मी हळूच म्हणालो.

पोराने माझ्याकडे पाहिलं. "अब्बा, मी काय चोरी करतोय का?"

मला उत्तर सुचेना. सरांनी कुलपाची पेटी पुढे केली. पिस्तूल आत ठेवण्याआधी पोराने नळीतून एक भगभगीत रंगाची दोरी आरपार ओवली. आत छर्रा नाही हे लांबूनही दिसावं, म्हणून ही दोरी. रेंजवर सगळे एकमेकांच्या दोऱ्या बघतात आणि मगच निशाण्याकडे चालत जातात. मी बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिलो. रस्त्यावर चालणाऱ्या पोराला अशी दोरी कुठून आणू?

पेटीत पावतीची प्रत, क्लबचं ओळखपत्र. किल्ली माझ्याकडे. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही, हा अम्माचा हुकूम. नेमबाजीचं कौतुक आपल्या बुजुर्गांनीही केलंय, हे तिला मागाहून आठवलं. पण तिचा पहिला प्रश्न तिने मागे घेतलेला नाही.

त्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरच्या काकांना चहाला बोलावलं. माझ्या लग्नाआधीपासूनचा शेजार. पेटी त्यांच्यासमोर उघडली आणि म्हणालो, "काका, पोरासाठी पिस्तूल घेतलंय." शब्द मोठ्याने म्हणालो. खिडकी उघडी होती.

काका क्षणभर थबकले. तो क्षण मला दिसला. त्यांनाही कळलं की मला दिसला. मग त्यांनी चष्मा पुसला, पोराचं निशाण्याचं कार्ड उजेडात धरलं. मधलं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. छिद्रं बहुतेक डावीकडे गेलेली.

"डावीकडे का जातंय रे?" त्यांनी विचारलं.

"बोट अजून नीट सरळ ओढत नाही, काका," पोरगं म्हणालं, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलं.